दिवाळीला शिवण, संक्रांतीला लोकर: घरच्यांसाठी हाताने भेटी करताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गणपती तोंडावर आहेत, नोकरी सांभाळून रोज साधारण तासभर मिळतो, दोन सुयांवरचं विणकाम येतं, घरच्या मशीनवर सरळ शिवण येते आणि यंदा दिवाळीला घरातल्या प्रत्येकाला स्वतःच्या हाताने केलेलं काहीतरी द्यायचं आहे. यादीत नाशिकला राहणाऱ्या बाबांना पूर्ण बाह्यांचा स्वेटर, आईला शाल, रत्नागिरीच्या सासूबाईंनाही शाल, नवऱ्याला मफलर, नेदरलँड्समधल्या बहिणीला टोपी आणि पायमोजे, पुण्याच्या भावाच्या चार महिन्यांच्या बाळाला दुपटं आणि स्वेटर, आणि नणंदेच्या दोन मुलींना परकर-पोलकं. सुरुवात कुठून करू, असं विचारलंत.

यादीला कात्री लावण्यापासून करा. मी बरीच वर्षं विणकाम आणि शिवण शिकवते आहे. हाताने केलेल्या भेटी अर्धवट राहतात त्या कौशल्य कमी पडल्यामुळे नव्हे. वेळ मोजलेला नसतो म्हणून. टाके मात्र मोजता येतात. मध्यम जाडीची लोकर आणि ४ मिलिमीटरच्या सुया घेतल्या तर १० सेंटीमीटरमध्ये साधारण २२ टाके आणि ३० ओळी बसतात. २५ सेंटीमीटर रुंद आणि दीड मीटर लांब मफलर म्हणजे ५५ टाक्यांच्या ४५० ओळी, जवळजवळ २५ हजार टाके. रोज विणणारी पण घाई न करणारी बाई मिनिटाला वीसेक टाके घालते. म्हणजे एका साध्या मफलरला वीस तास. ६० सेंटीमीटर रुंद आणि १८० लांब शालीचे टाके ७० हजारांवर जातात, तिला साठ तास. बाबांच्या पूर्ण स्वेटरलाही जवळपास तितकेच. तुमच्या यादीची अशी बेरीज केली तर ती अडीचशे तासांच्या आसपास येते. दिवाळीपर्यंत गणपती, नवरात्र आणि घराची साफसफाई वगळून तुमच्या हाती पन्नास-पंचावन्न तास आहेत.

म्हणून माझा सल्ला असा, की दिवाळीला फक्त शिवणकाम द्या आणि लोकरीचं सगळं संक्रांतीवर न्या. यात वेळेची सोय आहेच, पण त्याहून मोठं कारण हवेचं आहे. दिवाळी येते तेव्हा आपल्याकडे ऑक्टोबरचा उकाडा धड सरलेला नसतो. त्या दिवसांत हातात आलेला स्वेटर कोणी अंगात घालून बघत नाही, घडी करून कपाटात जातो. जानेवारीत नाशिकला पहाटे हुडहुडी भरते, तेव्हा दिलेली बंडी त्याच दिवशी अंगावर चढते. शिवाय संक्रांत हा वाणाचा, देण्याघेण्याचा सण आहे. तिळगुळाबरोबर लोकरीची भेट अगदी शोभते.

आता एकेक माणूस घेऊ. प्रत्येकासाठी तीन गोष्टी विचारा: ही वस्तू कुठल्या हवेत वापरली जाणार, अंगाला लागणार की वरून घ्यायची, आणि ती धुणार कोण. तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. हाताने हलकेच धुवून सावलीत आडवी वाळवायची वस्तू, सगळं एकदम मशीनमध्ये टाकणाऱ्या घरात दिली तर ती दुसऱ्या महिन्यात आटते आणि देणारी-घेणारी दोघींना वाईट वाटतं.

सासूबाईंना लोकरीची शाल नकोच. रत्नागिरीच्या दमट हवेत लोकर घामाने चिकटते आणि पावसाळ्यात तिला कुबट वास लागतो. त्यांच्यासाठी जुन्या मऊ सुती साडीचं दोन थरांचं पांघरूण करा. त्यांचीच एखादी नेसून नेसून मऊ झालेली साडी मिळाली तर उत्तम. नणंदेकरवी आधी मागून घ्या. साडी उजेडासमोर धरा. जिथे सूत विरळ दिसतं, जिथे हाताने हलकं ताणल्यावर कापड करकरतं, तो भाग वगळा. बसण्याच्या जागेचा आणि निऱ्यांच्या खालच्या कडेचा भाग आधी विरतो, पदराकडचा बहुधा धड असतो. खळ असेल तर दोनदा साध्या पाण्यातून काढा, कारण खळीच्या कापडातून सुई अडकत जाते.

रुंदी साडीच्या पन्ह्याइतकीच, ४५ इंच ठेवा आणि लांबी ८० इंच. दोन तुकडे एकमेकांवर पसरून आधी कच्चे टाके घाला, मधून कडेकडे. कडेकडून आत आलात तर मध्ये फुगा साठतो आणि तो नंतर जात नाही. (उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका त्यांची कवंदी, म्हणजे तुकड्यांची गोधडी, बाहेरच्या कडेपासून आत शिवत नेतात, पण त्या तुकडे लावत, दुमडत जातात, ती रीतच वेगळी आणि हात तयार व्हायला वर्षं लागतात.) मग लांबीच्या दिशेने तीन-तीन इंचांवर धावदोऱ्याच्या ओळी. पंधरा ओळी, प्रत्येक दोन मीटरची, म्हणजे तीस मीटर शिवण. तासाला तीन मीटर धरलेत तर दहा तास. दाट ओळींची पूर्ण गोधडी करायचा मोह होईल, पण ६० बाय ८४ इंचांच्या गोधडीला इंचा-इंचावर ओळी घातल्या तर सव्वाशे मीटरच्या वर शिवण होते. ती पुढच्या वर्षासाठी ठेवा आणि ती करायची तर संक्रांत झाली की लगेच सुरू करा.

दोरा सुतीच घ्या, जाडसर. पॉलिस्टरचा दोरा मजबूत असतो हेच इथे अडचणीचं आहे. पांघरूण कधी ताणलं गेलं तर दोरा तुटावा, जुनं कापड फाटू नये. दोरा पुन्हा घालता येतो.

भाच्यांच्या परकर-पोलक्याला मशीन आहेच, दोन्ही मिळून बारा तास पुरतील. नवं खणाचं कापड घेतलंत तर त्याचा पन्हा अरुंद असतो हे लक्षात ठेवून मीटरचा हिशोब दुकानातच करा, नाहीतर घेर कमी पडतो. घेर कमरेच्या अडीचपट ते तिप्पट हवा. कापण्यापूर्वी सुती खण पाण्यातून काढून वाळवून इस्त्री करा. लाल, जांभळा, काळपट हिरवा हे रंग पहिल्या पाण्याला सुटतात आणि कापड थोडं आटतंही. आजीच्या रेशमी साडीतून करणार असाल तर जिथे वर्षानुवर्षं एकाच घडीवर साडी राहिली तिथे रेशीम तुटलेलं असतं, जरीचे धागे काळवंडलेले असतात. त्या रेघांवर कटिंग येऊ देऊ नका, त्या शिवणीत लपवा. काठ खालच्या घेराला येईल अशीच आखणी करा, सगळी शोभा तिथे असते.

आठ आणि अकरा वर्षांच्या मुली एका वर्षात भराभर वाढतात. म्हणून परकराला आतून तीन-चार इंचांचा टक घाला. पुढच्या दिवाळीला तो उसवला की परकर पुन्हा पायघोळ होतो. पोलक्यालाही बाजूच्या शिवणीत इंच-इंच कापड राखा. बाजारात शिवलेल्या कपड्यात हे नसतं आणि हाताने केलेल्या कपड्याची खरी किंमत मला इथे दिसते. मशीनला साधारण सुती कापडासाठी १४ नंबरची सुई लावा, तलम रेशमाला ११. बोथट सुई रेशमाचे धागे ओढते, तेव्हा हे काम नव्या सुईनेच सुरू करा.

बाळाच्या दुपट्याकडे जरा थांबून बघू, कारण तिथे प्रेमापोटी चुका होतात. ३६ इंच चौरस, मऊ सुती साडीचे तीन थर, इंचावर धावदोरा, अकरा तासांचं काम. वरचा थर धुऊन मऊ झालेला असू द्या. मणी, टिकल्या, आरसे, लोकरीचे गोंडे काहीही नको. बाळ ते ओढतं आणि तोंडात घालतं. दोऱ्याच्या गाठी थरांच्या आत लपवा. हे दुपटं मांडीवर घ्यायला, खाली अंथरायला आहे. झोपलेल्या बाळावर पहिल्या वर्षात सैल पांघरूण नको असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, तेव्हा ते वहिनीला देतानाच बोलून ठेवा.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. जपून ठेवायचं म्हणून बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या घालू नका. त्यांतल्या नॅफ्थलीनमुळे, जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि कावीळ वाढते. ही कमतरता आहे की नाही हे घरच्यांना बऱ्याचदा ठाऊकही नसतं. स्वच्छ धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून, सुती पिशवीत ठेवलं की पुरे.

स्वेटरऐवजी बाळाला पहिल्या संक्रांतीचं काळं झबलं शिवा. बोरन्हाण होईल तेव्हा बाळ नऊ महिन्यांचं असेल. आजच्या मापाने शिवलेलं तेव्हा अंगात जाणार नाही, वर्षाच्या बाळाचं माप धरा. छातीचा घेर शिवून तयार २२ इंच असू द्या. काळा रंग पक्का आहे का ते बघायला ओल्या कापडावर पांढरा रुमाल ठेवून इस्त्री फिरवा. रुमालावर डाग आला तर ते कापड बाळासाठी घेऊ नका. पुढून उघडं आणि नाड्यांचं झबलं ठेवा, नाड्या छातीपाशी आणि आखूड, गळ्याशी नकोत. हलव्याचे दागिने काटेरी असतात, नाजूक मानेला टोचतात. म्हणून झबल्याला उरेब (तिरक्या कापलेल्या) पट्टीची छोटी उभी कॉलर लावा आणि हार त्या कॉलरवर बसेल असा बेताचा करा. दोन तासांचं काम आहे, पण घरातल्या अल्बममध्ये ते कायमचं राहतं.

आता लोकर. दुकानात 'लोकर' म्हणून मिळतं त्यातलं पुष्कळसं ॲक्रिलिक असतं. त्यात वाईट काही नाही, फक्त काय घेतोय ते कळलं पाहिजे. टोकाचा छोटा धागा चिमट्यात धरून बेसिनवर जाळून बघा. खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि बोटांत चुरा होणारी राख राहते. ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो. खरी लोकर जास्त ऊबदार, पण गरम पाणी आणि घुसळणं लागलं की आटून घट्ट होते, आणि तिला कसर लागते. ॲक्रिलिक मशीनमध्ये धुता येतं, कसर लागत नाही, मात्र त्यावर गरम इस्त्री फिरवली की वीण कायमची लुळी पडते. आणि ॲक्रिलिकची, गरम भांडी धरायची फडकी कधीही करू नका. गरम कढईला ते वितळून हाताला चिकटतं. तसं काही करायचं असेल तर जाड सुती दोराच वापरा.

बाबांना पूर्ण बाह्यांऐवजी बिनबाह्यांची बंडी विणा. घरात वावरताना, पेपर वाचताना हात मोकळे राहतात, आणि काम साठ तासांवरून पस्तीसवर येतं. माप विचारायचं नसेल तर त्यांची आवडती जुनी बंडी जमिनीवर पसरून आईकडून मोजून घ्या. छाती १०० सेंटीमीटर असेल तर तयार घेर १०८ धरा.

तुम्ही अमेरिकन व्हिडिओ बघून विणता असं लिहिलंय, तर सुईच्या नंबरकडे नीट लक्ष द्या. आपल्याकडे मिळणाऱ्या सुयांवर बहुधा जुना इंग्लंडचा नंबर असतो आणि त्यात नंबर वाढतो तशी सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन. अमेरिकेत उलट. तिथला ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. नमुन्यात ८ लिहिलंय म्हणून आपली ८ नंबरची सुई घेतली तर बंडी बाबांऐवजी एखाद्या मुलाच्या मापाची होईल. नंबर सोडून द्या, मिलिमीटर बघा.

आणि तुकडा विणून बघितल्याशिवाय बंडी सुरू करू नका. हे सांगितलं की वर्गात सगळ्या मान डोलावतात आणि निम्म्या जणी तो करत नाहीत. १५ सेंटीमीटरचा चौकोन विणा, बंडी जशी धुतली जाणार तसा धुवा, वाळल्यावर मधल्या १० सेंटीमीटरमधले टाके मोजा. नमुन्यात २२ टाके असतील आणि तुमचा हात सैल असल्यामुळे २० बसत असतील तर फरक क्षुल्लक वाटतो. पण १०८ सेंटीमीटरसाठी घातलेल्या २३८ टाक्यांची बंडी मग ११९ सेंटीमीटरची होते. अकरा सेंटीमीटर ढगळ. त्यावर उपाय सोपा: एक माप बारीक सुई घ्या आणि पुन्हा तुकडा विणा. बंडीला ४०० ग्रॅम लोकर एकाच वेळी घ्या, सगळ्या गुंड्यांच्या कागदावर लॉट नंबर एकच आहे ना ते बघून. एकाच रंगाच्या दोन लॉटमधला फरक दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दिसत नाही, नाशिकच्या उन्हात छातीवर आडव्या पट्ट्यासारखा दिसतो.

गडद रंगाची लोकर असेल तर दिवसा विणा आणि मांडीवर पांढरं कापड पसरा, टाके स्वच्छ दिसतात. नवा धागा जोडताना ओळीच्या मध्ये गाठ मारू नका. कडेला जोडा, दोन्हीकडे वीतभर शेपूट सोडा आणि नंतर जाड सुईने विणीत ओवून घ्या. गळ्याची पट्टी बंद करताना एक माप जाड सुई वापरा. घट्ट बंद झालेल्या गळ्यातून डोकं जात नाही आणि सगळी बंडी बिनकामाची ठरते.

आईला शालच द्यायची असेल तर ती क्रोशाची, त्रिकोणी करा. क्रोशाचा खांब विणीच्या टाक्यापेक्षा उंच असतो, म्हणून काम वेगाने वर चढतं. ५ मिलिमीटरच्या क्रोशाने, खांब आणि साखळीच्या साध्या जाळीत, वीसेक तासांत होते. तुम्हाला विणकाम येतं म्हणजे धाग्याचा ताण सांभाळणं येतंच. साखळी आणि खांब दोन संध्याकाळी शिकाल. ठाण्याहून लोकलमध्ये बसायला मिळतं म्हणालात ना, तर हे गाडीतलं काम. एकच सुई, पडली तरी टाके निसटत नाहीत, स्टेशन आलं की टाक्यात पिन अडकवून पिशवीत टाकायचं. बंडी घरी, शाल गाडीत, असं ठेवलंत की रोजच्या तासाला आणखी अर्धा तास जोडला जातो.

नवऱ्याला मफलरऐवजी टोपी विणा. वीस तासांऐवजी साडेपाच. दोन सुलट दोन उलट अशी सगळी वीण ठेवा, ती डोक्यावर आपोआप बसते. डोक्याचा घेर ५६ सेंटीमीटर असेल तर टोपी ५० ची हवी. मापाबरहुकूम केलेली टोपी भुवयांवर उतरते. मफलर पुढे केव्हातरी कराल तेव्हा नुसती एक ओळ सुलट एक ओळ उलट विणू नका, त्याच्या कडा गुंडाळतात आणि इस्त्रीनेही सुटत नाहीत. सगळ्या ओळी सुलट विणा, सपाट राहतो.

पायमोजे मात्र यंदा कोणालाच नकोत. लोकरीचे मोजे घालून फरशीवर चालताना पाय सटकतो, आणि तुमच्या घरात दोघीजणी साठीच्या पुढच्या आहेत, एकीला दिले की दुसरीही मागणार. मोजे द्यायचे तेव्हा झोपताना घालायचे म्हणून द्या आणि तसं स्पष्ट सांगा.

राहिली बहीण. तिच्याकडची थंडी खरी आहे, तिला खऱ्या लोकरीची टोपी द्या, नवऱ्याच्याच नमुन्याची, वेगळ्या रंगात. पण तिकडे कपडे सर्रास ड्रायरमध्ये वाळवतात. म्हणून टोपीच्या आत छोटी सुती पट्टी शिवा आणि तिच्यावर न जाणाऱ्या शाईने लिहा: थंड पाणी, हाताने, आडवी वाळव, ड्रायर नाही. त्याच लोकरीचा दोन-तीन मीटर धागा कागदावर गुंडाळून सोबत ठेवा, पुढे कुठे उसवलं तर तिला तिथल्या तिथे जोडता येईल. बाबांच्या बंडीसोबतही असाच धागा द्या.

क्रम असा लावा. या आठवड्यात सासूबाईंची साडी मागवा आणि मुलींची मापं घ्या, कारण या दोन्ही गोष्टी दुसऱ्यांच्या हातात आहेत. गणपती उठले की पांघरूण, मग दुपटं, नवरात्र संपेपर्यंत परकर-पोलकी. कोजागरीच्या सुमारास बहिणीची टोपी सुयांवर घाला आणि दिवाळीच्या आधी ती पार्सलने पाठवून द्या, म्हणजे तिकडचा कडाका सुरू होण्यापूर्वी पोचेल. भाऊबीजेनंतर बंडी आणि मग नवऱ्याची टोपी. झबलं डिसेंबरअखेर शिवा, त्याआधी नको. बाळाचं माप तोवर बदलत राहील. डिसेंबरच्या मध्यावर बंडीची पाठ पूर्ण झाली नसेल तर टोपी सोडा आणि सगळा वेळ बंडीला द्या. नवऱ्याची टोपी फेब्रुवारीत दिली तरी चालेल, बाबांची थंडी मात्र संक्रांतीनंतर ओसरायला लागते.